रिकाम्या चौकोनाची मजुरी

मेंदोसाच्या त्या गल्लीत
अकरा वर्षांपूर्वी फरशी मीच बसवली.
नेलिदा किरोगाच्या दारात, तुतीच्या बुंध्याला भिडवून,
सांध्यात नख जाणार नाही अशी.
तेव्हा तिचा नवरा होता. म्हणाला,
"पानं पडतात, फळांचे डाग पडतात, चिखल घरात येतो,
एकदाचं बंद करून टाक, ओविदियो."
केलं बंद. काम चोख. पैसेही चोख मिळाले.

आमचं शहर वाळवंटात आहे
हे पाहुण्यांना एवढ्या सावलीत पटत नाही.
वर्षाचा पाऊस वीतभर.
बाकी सगळं डोंगरावरचं बर्फ,
ते वितळून पाटापाटानं दारासमोरून जातं
ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला.
पाट काढण्याची विद्या वार्पे लोकांची, आमच्या कितीतरी आधीची.
आम्ही फक्त त्यांना आतून काँक्रीट लावलं
पाणी गळू नये म्हणून.
झाडं त्या गळण्यावरच जगत होती
हे गवंड्याला कोण सांगणार.

ऑगस्टात सोंडा सुटला,
डोंगर उतरून येणारा तो तापट, कोरडा वारा,
आणि तुतीची एक फांदी शेजारच्या गाडीवर आडवी झाली.
आतून भुसा.
दुसऱ्या दिवशी नेलिदाचा फोन. "हातोडा घेऊन ये."
"काय फोडायचंय?"
"तुझंच."

स्वतःचं काम फोडताना मनगट अडखळतं.
सिमेंट फार चांगलं होतं माझं,
पहिल्यांदाच त्याचा राग आला.
खाली मुळं वर चढून
फरशीच्या पोटाला चिकटलेली,
रात्री तिथं जो थेंबभर ओलावा धरतो
त्याच्या आशेनं चपटी झालेली.
आणि माती? भाजलेली, राखाडी.
गांडूळ सोडा, मुंगी नाही.

नेलिदानं बादली ओतली.
पाणी पाऱ्यासारखं गोळ्या होऊन घरंगळलं
आणि सरळ रस्त्याला लागलं.
पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते मी
त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.
कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण संशयानं म्हणतो.
इथं कुठंच मुरत नव्हतं.
संशय त्याचा यायला हवा होता.

एकतीस वर्षं टोमॅटोच्या कारखान्यात डबे मोजलेली बाई,
तिनं आता गल्ली मोजायला घेतली.
रोज सकाळी दारोदार
माते प्यायल्यावर उरलेला हिरवा चोथा गोळा करायची.
झाडूवाला एल्बियो पानं पिशव्यांत भरायचा,
त्याच्या हातातून पिशवी ओढून घ्यायची.
"हा कचरा नाही रे, हा पगार आहे तिचा."
तिचा म्हणजे तुतीचा की मातीचा,
त्यानं विचारलं नाही, मीही नाही.
थर चढत गेले. वास यायचा. तक्रारी आल्या.
नगरपालिकेचं एक पत्र आलं,
ते तिनं ओलं करून त्याच ढिगात घातलं.

जानेवारीत, रात्री अकराला, पुन्हा फोन.
"ये. ऐक."
मी चप्पल घालून गेलो.
तिनं बादली ओतली, बोट ओठावर ठेवलं.
जमिनीखालून घोट घेतल्यासारखा आवाज आला.
बारीक. मग आणखी एक.
सात म्हणेपर्यंत बादली दिसेनाशी झाली
आणि आम्ही दोघं वेड्यासारखे
त्या ओल्या काळ्या जागेकडे बघत राहिलो.
तिनं मूठभर उचलली. मूठ उघडली तरी
ती मुठीच्याच आकाराची राहिली.

तुती वाचेल का? ठाऊक नाही.
रस्त्याकडची बाजू वाळली ती वाळलीच.
घराकडच्या बाजूला पानं आहेत,
लहान आहेत.

फरशी मी अजून बसवतो, पोट आहे.
पण झाडाभोवती दीड मीटरचा चौकोन सोडतो,
बोली आधीच करतो.
गिऱ्हाईक म्हणतं, "तेवढी फरशी वाचली, तेवढे पैसे कापा."
मी म्हणतो, तिथली मजुरी जास्त आहे.
तेवढ्या जागेत काही न करायला शिकायला
मला अकरा वर्षं लागली.

कुणी देतं.
कुणी दुसरा गवंडी बघतं.